दोन दारं, करोडोची किंमत: पोट्टे रोज विचारतात ते प्रश्न

आमचं दुकान ट्रॅक्टरच्या सामानाचं. फिल्टर, बेअरिंग, हायड्रॉलिकचे पाइप, असलं. पण बाकड्यावर अर्धे गिऱ्हाईक अन् अर्धे टाइमपासवाले, आणि मले गाड्यांचं येड आहे हे साऱ्या गावाले माहीत, त्यामुळं कोणाच्या मोबाइलवर रोल्स रॉइसची नाहीतर बेंटलीची दोन दारावाली गाडी आली की तो फोन डायरेक्ट माझ्या तोंडासमोर. मग प्रश्न सुरू. तेच ते प्रश्न अन् तेच ते उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून सारं एका जागी लिहून टाकलं. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवला आहे.

दोन दारं तर थारलेही आहेत, मंग हे वेगळं काय आहे भाऊ?

थार चार मीटरच्या आतली गाडी आहे, तिले दोन दारं पुरतात. आपल्याकडं कंपन्या गाडी चार मीटरच्या आत कोंबतात कारण तिथं टॅक्स वाचते. आता रोल्स रॉइसची रेथ पाहा, २०१३ साली जिनिव्हाच्या शोमधे दाखवली ती. लांबी ५.२७ मीटर. म्हणजे थारपेक्षा सव्वा मीटरनं जास्त, अन् तरी दारं दोनच. जागा कमी म्हणून दोन दारं नाहीत, भरपूर जागा असून दोन दारं आहेत. इथूनच गंमत सुरू होते.

आणि ह्या गाड्या फेरारीवाल्या जातीच्या नाहीत हेही सांगून ठेवतो. फेरारी जमिनीले चिकटलेली, आवाज करणारी, बसताना कंबर मोडणारी. ह्या उंच, जड, शांत, चार सीटच्या, सव्वादोन ते तीन टनाच्या. बेंटलीची कॉन्टिनेन्टल जीटी, रोल्सची रेथ, तिचीच छत उघडणारी बहीण डॉन, त्याआधीची फँटम कूपे (कूपे म्हणजे पक्क्या छताची दोन दारावाली गाडी), अन् आताची विजेवाली स्पेक्टर. मोजक्याच आहेत.

मागं कोण बसन?

कोणीच नाही. म्हणजे सीटा आहेत, चांगल्या गादीच्या आहेत, रेथमधे तर मोठा माणूसही बऱ्यापैकी मावते, पण तिथं पोचायले समोरची सीट सरकवा, डोकं वाकवा, मग एक पाय आत, मग दुसरा. नऊवारीतल्या आजीले तिथं बसवून दाखवा मग बोलू.

आता आपल्या इकडं गाडी घ्यायचा पहिला हिशोब काय, तर माणसं किती बसतीन. बोलेरोत कागदावर सात अन् प्रत्यक्षात अकरा. गाडी म्हणजे दवाखाना, बाजार, लग्न, मयत, ढेपीचं पोतं, फवारणीचा पंप, पोट्टीले कॉलेजले सोडणं. रात्री दोन वाजता शेजारी दार वाजवते की भाऊ पेशंट आहे, अन् तुम्ही उठता, उठलंच पाहिजे. म्हणजे गाडी नावानं तुमची असते, वापरानं अर्ध्या गावाची.

अन् आता पटाची बैलजोडी आठवा. ज्याने शंकरपट, म्हणजे बैलाची शर्यत, पाहिला त्याले पुढचं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पटाचा बैल वखराले जुंपत नाही, बंडीले जुंपत नाही, त्याच्यावर माशी बसू देत नाही. घरातल्या पोराले दूध कमी पडन पण त्याले नाही. अन् हे सारं कशासाठी, तर काही सेकंदाच्या धावण्यासाठी. २०१४ साली कोर्टानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मधे परवानगी परत भेटली, मे २०२३ मधे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं कायदा कायम ठेवला. मधल्या काळात त्या बैलाले काडीचं काम नव्हतं, तरी आमच्याकडल्या काही कास्तकारांनी जोडी विकली नाही. काहून नाही विकली विचारलं तर नुसते हसतात. दोन दाराच्या करोडोच्या गाडीचं येड हे त्याच जातीचं आहे, फक्त इंग्लंडातलं.

चार दाराची रोल्स घ्यायले बहाणा सापडते, मीटिंगले जा, पाहुण्याले आणा, मागं बसून फाइली वाचा. दोन दाराच्या गाडीले कोणताच बहाणा पुरत नाही. ती घेणारा माणूस सरळ सांगून राहिला की मले आवडली म्हणून घेतली, कोणाच्या कामाची नसली तरी. माझ्या मते सारी ओढ एवढ्यातच आहे, बाकी चामडं-लाकूड-तारे हे नंतरचं.

एवढा पैसा असून स्वतः चालवते? ड्रायव्हर नाही ठेवत?

ठेवते ना, पण ह्या गाडीसाठी नाही. जुनी रोल्स म्हणजे मालक मागं, ड्रायव्हर समोर. राजे-महाराजे असेच फिरले. दोन दाराच्या गाडीत ड्रायव्हर ठेवला तर मालक बसन कुठं? ड्रायव्हरच्या बाजूले? शोभत नाही. मागं? तिथं पोचायची कसरत वर सांगितली. म्हणून ही गाडी मालकाले स्टेअरिंगवर बसवतेच.

अन् चालवायले बसल्यावर समोर काय दिसते हे पाहण्यासारखं आहे. आपल्या गाडीत आरपीएमचा काटा असते, इंजिन किती पळून राहिलं ते दाखवते. रेथमधे तो काटाच नाही. त्याच्या जागी पॉवर रिझर्व्हचा काटा, म्हणजे इंजिनची किती ताकद अजून शिल्लक आहे ते टक्क्यात दाखवणारा. शांत चालून राहिले तर काटा नव्वदच्या वर. म्हणजे गाडी तुम्हाले सतत सांगून राहिली की मालक, अजून तर काहीच वापरलं नाही. मले हा काटा त्या साऱ्या गाडीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

दार उलटं काहून उघडते? ॲम्बॅसडरसारखं सुलटं का नाही?

बिजागरी मागच्या बाजूले असते, अन् दार समोरून उघडते. दोन कारणं. एक म्हणजे दार भल्लं लांब. स्पेक्टरचं दार जवळपास दीड मीटर लांब आहे. एवढ्या लांब दाराची बिजागरी समोर ठेवली तर बसल्यावर दार ओढायले हात लांबवर ताणा लागते. उलट्या दारात माणूस सीटवर सरळ येऊन टेकते, उतरतानाही पाय आधी बाहेर, कपड्याची घडी मोडत नाही. दुसरं कारण दिखावा, अन् ते लपवायची काही गरज नाही. दार उघडलं की सारी गाडी आतून दिसते, समोरच्या सीटपासून मागच्यापर्यंत एका नजरेत.

बंद करायले हात लावा लागत नाही. बटण दाबा, दार येते. स्पेक्टरमधे तर ब्रेकवर पाय ठेवला की ड्रायव्हरचं दार आपोआप लागते. रोल्सच्या गाडीत छत्रीचीही जागा ठरलेली, ती ओली ठेवली तरी वाळते अशी सोय आहे. आमच्याकडं जूनमधे पहिला पाऊस झाला की छत्री शोधायची अन् मग समजते की ती मागच्या वर्षी बसमधे राहिली.

तुम्ही जवळून पाहिली का कधी, का नुसतं मोबाइलवर?

पाहिली. नागपुरात वर्धा रोडवर एका लॉनबाहेर रेथ उभी होती, लग्न कोणाचं ते माहीत नाही, आम्ही तर बाजूच्या लॉनमधे दुसऱ्याच लग्नाले होतो. जेवण राहिलं बाजूले. गार्ड चांगला होता, हात लावू नका म्हणे, पाहा किती पाहायचं ते.

पहिली नजर गेली चाकावर. चाकाच्या मधोमध RR ही रोल्स रॉइसची अक्षरं असलेला छोटा गोल असते, तो सरळ उभा होता. चारही चाकाचे. मी म्हटलं ड्रायव्हरनं मुद्दाम असं थांबवलं का, तर नाही, तो गोल आतून जड केलेला असते अन् चाक फिरलं तरी तो वजनानं सरळच राहते. गाडी निघाली तेव्हा पाहिलं, चाक फिरून राहिलं अन् अक्षरं जागची हललीच नाहीत.

मग बाजूची रेघ. समोरच्या चाकापासून मागपर्यंत एक बारीक रेघ ओढलेली, मले स्टिकर वाटली. स्टिकर नाही, हातानं रंगवलेली असते. इंग्लंडातल्या गुडवूडच्या कारखान्यात खारीच्या केसाच्या ब्रशनं ती ओढतात, तीन मिलीमीटर रुंद अन् काही मीटर लांब, वर्षानुवर्षं एकाच कारागिराच्या हातचं ते काम होतं. आपल्याकडं बैलगाडीच्या साट्यावर नक्षी काढणारे होते ना, तसा हात पाहिजे. ब्रश उचलला की जोड दिसते.

आत काचेतून जेवढं दिसलं तेवढं. खाली गालिचा एवढा जाड की पायताणाचा ठसा त्यात बसलेला. एसीच्या हवेची बटणं धातूची, ओढायची अन् ढकलायची, पेटीच्या स्वरासारखी. प्लास्टिक शोधत होतो, नाही सापडलं.

छतावर तारे असतात ते खरे का एडिटिंग?

खरे. रेथच्या छताच्या चामड्याले बारीक छिद्रं पाडून त्यात फायबर ऑप्टिकच्या तारा ओवतात, एकूण १,३४०. हातानं. प्रत्येक तार वेगवेगळ्या कोनात कापतात म्हणून काही तारे जास्त चमकतात, काही मंद. स्पेक्टरमधे दाराच्या आतल्या बाजूलेही तारे लावून भेटतात, ते ४,७९६.

यावर माझं मत विचारलं तर हे मले थोडं जास्तीचं वाटते. आपल्याकडं एप्रिलच्या रात्री वावरात बाज टाकून झोपा, फुकट आहे. पण शहरवाल्याले दिसत नाही, तो बिचारा काय करन.

चामड्याचं मात्र ऐकण्यासारखं आहे. कंपनी बैलाचंच कातडं घेते, गायीचं नाही, कारण गाभण राहिल्यावर गायीच्या कातड्याले ताण पडतो अन् त्या खुणा दिसतात. अन् बैलही अशा थंड डोंगराळ भागातले जिथं काटेरी तारेचं कुंपण नाही, म्हणजे ओरखडा नाही. हे दुकानात सांगितलं तर दोन म्हातारे उठून गेले, अन् तिसऱ्याने विचारलं की कुंपण नाही तर तिकडं रोही अन् डुक्कर येत नाहीत का पिकात.

इंजिन केवढं आहे? ट्रॅक्टरपेक्षा मोठं?

हा प्रश्न माझ्या आवडीचा. आपला पंचेचाळीस एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर तीन नाहीतर चार सिलिंडरचा. रेथचं इंजिन बारा सिलिंडर, ६,५९२ सीसी, दोन टर्बो, ताकद ६२४ एचपी. थांबलेली गाडी शंभरच्या स्पीडले ४.६ सेकंदात, अन् तेही २,३०० किलोच्या वर वजन घेऊन. टॉप स्पीड २५० वर लॉक.

पण आकडा सोडा, कॅरेक्टर पाहा. ट्रॅक्टरवाल्याले टॉर्क समजावून सांगा लागत नाही, नांगर जमिनीत गेला अन् इंजिन दबलं नाही म्हणजे टॉर्क. रेथचा ८०० न्यूटन मीटरचा टॉर्क १,५०० आरपीएमलेच पूर्ण भेटते. म्हणजे इंजिन ओरडायच्या आधीच गाडी निघून जाते. स्पोर्ट्स कार ताकद ऐकवते, ही लपवते.

अन् गिअरबॉक्स आठ गिअरचा, जीपीएसवरून समोरचा रस्ता पाहते. पुढं वळण येऊन राहिलं, चढ येऊन राहिला, हे तिले आधीच माहीत असते अन् ती गिअर तसा धरून ठेवते. आमच्या पांदणीत ती काय करन माहीत नाही, आमची पांदण नकाशात नदी दाखवते.

किंमत एवढी काहून? लोखंड तर तेवढंच लागत असन.

हातकाम आहे, गाड्या कमी बनतात, अन् गिऱ्हाईक म्हणन तो रंग, म्हणन ते लाकूड. पण भारतात आणखी एक कारण, टॅक्स. बैजवार समजावून सांगतो, कारण मोबाइलवर लोक उलटसुलट बोलतात.

बाहेरून पूर्ण बनून आलेल्या महाग गाडीवर २०२५ साली आयातीचे सारे कर मिळून ११० टक्के होते, तोच दर धरू. समजा बंदरावर गाडीची किंमत एक कोटी. त्यावर १ कोटी १० लाख. झाले २ कोटी १० लाख. आता ह्या एकूण रकमेवर जीएसटी, मूळ एक कोटीवर नाही. मोठ्या पेट्रोल गाडीले २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, म्हणजे ८४ लाख. एकूण २ कोटी ९४ लाख. तीच गाडी विजेवर चालणारी असन तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे साडेदहा लाख, एकूण २ कोटी २० लाख ५० हजार. एकाच किमतीच्या दोन गाड्यांत पाऊण कोटीच्या जवळ फरक, नुसता टॅक्सचा. हा हिशोब समजावायले दिला आहे, कोणत्या एका गाडीचा नाही. शिवाय आरटीओचा वन टाइम टॅक्स, डीलरचं मार्जिन, विमा हे वेगळंच.

स्पेक्टर जानेवारी २०२४ मधे भारतात आली तेव्हा साडेसात कोटी एक्स शोरूम होती, पर्याय टाकायच्या आधी.

विजेवाली आहे म्हणता, मंग लाईन गेली तर?

उभी राहीन, दुसरं काय. पण हिशोब करून पाहू. स्पेक्टरची बॅटरी १०२ किलोवॅट-अवरची, म्हणजे सोप्या भाषेत १०२ युनिट. कंपनीच्या मोजणीत पूर्ण चार्जवर ५३० किलोमीटर. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर साधारण तीन किलोवॅट निघते असं धरलं तर १०२ भागिले तीन, चौतीस तास, अन् तेही मधे लाईन गेली नाही तर. फास्ट चार्जर असन तर १० वरून ८० टक्के ३४ मिनिटात. म्हणजे एकीकडं चौतीस तास अन् एकीकडं चौतीस मिनिटं.

कृषी पंपाच्या कनेक्शनवर लावू का असं एकानं विचारलं होतं, साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे ना म्हणे. बिल माफ पंपाचं आहे रे बावा. साडेसात कोटीची गाडी आकडा टाकून चार्ज करताना सापडला तर मले ओळख देऊ नको.

पण एक गोष्ट मानली पाहिजे, ह्या जातीच्या गाडीले वीज इंजिनापेक्षा जास्त शोभते. सारा जीव आवाज अन् धक्का मारण्यातच खर्च होत होता, आता मारायले आवाजच उरला नाही. बॅटरी सातशे किलोच्या आसपासची, ती खाली पसरलेली असल्यामुळं रस्त्याचा आवाजही तिच्यातच दबते. अन् चार्ल्स रोल्स, कंपनीच्या नावातले रोल्स, यांनी १९०० सालीच सांगितलं होतं की विजेची गाडी बिनआवाजाची अन् बिनवासाची असते, चार्जिंगची सोय झाली की कामाची होईन. कंपनी तेव्हा निघालीही नव्हती, रोल्स अन् रॉइस यांची भेटच १९०४ ची. रोल्स १९१० मधे विमान अपघातात गेले.

तरी मले वैयक्तिक रेथच आवडते. छताची रेघ काचेपासून डिक्कीपर्यंत एका दमात खाली येते, स्पेक्टर त्यामानाने अंगानं भरलेली वाटते. २,८९० किलो आहे, दिसणारच.

आपल्या रस्त्यावर चालन का?

हायवेवर मजेत. सस्पेन्शन हवेचं आहे, स्पेक्टरमधे तर कॅमेरा पुढचा रस्ता वाचून गादी आधीच तयार ठेवते. पण कॅमेऱ्याने खड्डा वाचला म्हणून खड्डा बुजत नाही. आमच्याकडं गावाच्या तोंडाशी जे बिनरंगाचे गतिरोधक आहेत, रात्रीतून कोणी बनवलेले, त्यावर एवढ्या लांब गाडीचं पोट टेकणं नक्की. गल्लीत वळायचं म्हटलं तर स्पेक्टरची मागची चाकंही थोडी वळतात, त्यामुळं लांबीच्या मानानं वळते चांगली. तरी मारुतीच्या पारापाशी एक बंडी उभी असली की संपलं.

अन् पावसाळ्यात वावराच्या रस्त्यानं नेऊच नका. काळ्या मातीत जुलैमधे पायातली चप्पल निघत नाही, तिथं तीन टनाची गाडी एक्सलपर्यंत बसन. मग ट्रॅक्टर आणा, दोर बांधा, अन् दोर बांधायचा कुठं? तिचा ओढायचा हुक काढून बसवायचा असते, झाकणाच्या मागं. तो न बसवता खालून कुठंही दोर अडकवला तर पुढचा बंपर ट्रॅक्टरसोबत येईन अन् गाडी तिथंच राहीन.

समृद्धीवर तर पळन?

त्यासाठीच बनलेली आहे. ह्या गाड्यांचा मूळ धंदा लांबचा पल्ला आहे, सकाळी निघायचं, सहाशे-सातशे किलोमीटर तोडायचे अन् उतरल्यावर पाठ धरली नाही पाहिजे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण सुरू. पण लिमिट १२० आहे, अन् १२० ले रेथमधे तो पॉवरचा काटा जांभई देत असन. स्पेक्टर एका चार्जवर मुंबई गाठत नाही, ५३० हा आकडाही आरामाच्या चालीचा, मे महिन्यातल्या आपल्या उन्हात एसी लावून १२० नं गेलं तर त्याहून कमीच. मधे थांबाच.

अन् बाबाहो, सिमेंटच्या तापल्या रस्त्यावर टायरची हवा तपासल्याशिवाय कोणतीच गाडी घेऊ नका, करोडोची असो का अल्टो.

हे येड आताचं आहे का आधीपासून?

शंभर वर्षांच्या जवळ आलं. एक किस्सा सांगतो, हा मले सगळ्यात जास्त आवडते.

मार्च १९३०. वुल्फ बार्नाटो म्हणून बेंटली कंपनीचे चेअरमन, श्रीमंत, स्वतः रेस जिंकणारे. तेव्हा फ्रान्सच्या दक्षिणेकडून ब्लू ट्रेन नावाची रेल्वे कॅलेले, म्हणजे फ्रान्सच्याच उत्तरेकडल्या बंदराले, यायची, गाड्यांच्या कंपन्या तिले हरवल्याच्या जाहिराती करायच्या. बार्नाटो म्हणे, त्यात काय, ट्रेन कॅलेले पोचायच्या आत मी लंडनमधे माझ्या क्लबात असतो. लागली शंभर पौंडाची पैज. रात्रभर पाऊस, धुकं, पंक्चर, मग बोटीतून समुद्र, अन् पठ्ठ्या ट्रेनच्या चार मिनिटं आधी क्लबच्या दारात.

आता गंमत ऐका. ही गोष्ट निघाली की सगळीकडं फोटो येते तो एका देखण्या दोन दारावाल्या बेंटलीचा, उतरत्या छताची, बारीक खिडक्यांची. चित्रं काढली लोकांनी तिची ट्रेनसोबत धावताना. पण ती गाडी बार्नाटोले मिळाली मे महिन्यात, शर्यत झाल्यावर! शर्यत पळाली ती त्यांची साधी चार दाराची बेंटली. काम एकीनं केलं अन् नाव दुसरीचं झालं. कित्येक वर्षं कोणाले शंकाही आली नाही, कारण दोन दारावाली तशी दिसत होती, जशी ट्रेनले हरवणारी गाडी दिसली पाहिजे.

बेंटली घ्यावी का रोल्स?

जसं काही उद्या चेक फाडून राहिला. चालवायची हौस असन तर बेंटली. कॉन्टिनेन्टल जीटी २००३ ले आली, फोक्सवॅगनच्या पैशावर, बारा सिलिंडरच्या डब्ल्यू आकाराच्या इंजिनानं, अन् बेंटलीचं नशीब तिनं पालटलं. ते इंजिन २०२४ मधे बंद झालं, आता व्ही ८ सोबत बॅटरी. रोल्स बीएमडब्ल्यूकडं, कारखाना गुडवूडले, २००३ पासून. बेंटली तुम्हाले घाईत नेते, रोल्स घाईच संपवते.

सगळ्यात भारीतली भारी कोणती?

स्वेपटेल. २०१७ साली एका गिऱ्हाइकासाठी रोल्सनं एकच बनवली, दोनच सीटा, छत काचेचं, मागून बोटीसारखी निमुळती. बाकी रेथची शेवटची आवृत्ती ब्लॅक ॲरो, २०२३ ची, फक्त बारा नग. १९३८ मधे जॉर्ज आयस्टन यांनी थंडरबोल्ट नावाच्या गाडीनं मिठाच्या मैदानावर तासाले ३५७ मैलाचा विक्रम केला होता, रोल्सचीच दोन विमानाची इंजिनं लावून, त्याच्या आठवणीत. बारा सिलिंडरची रोल्स कूपे तिच्यानंतर बनली नाही.

लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं भेटन का?

दोन दारावाली घेऊच नका. नवरदेव समोर बसला तर करवली मागं जाईन कशी, अन् नवरी शालू सांभाळून मागं गेली तर बाहेर निघेपर्यंत वरात मंडपात. फुलं लावायले टेप चिकटवली अन् रंग निघाला तर वावर विका लागन. घोडा करा.

कास्तकार इथं भावासाठी रडून राहिला अन् तुम्ही करोडोच्या गाड्या सांगता?

हा प्रश्न आमच्या काकाचा, अन् ते दर वेळी विचारतात. काकाले हिशोब करूनच दाखवला. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. साडेसात कोटीले त्याने भागा. सव्वानऊ हजार क्विंटलच्या जवळ. एकरी आठ क्विंटल धरला, तर साडेअकराशे एकराच्या वर रानाचा सारा कापूस, अन् तोही हमीभाव पूर्ण भेटला, ओलावा काढून कापला नाही, अन् बी-खत-वेचाई शून्य रुपयात झाली तर. काका म्हणे मंग तर आणखीच वाईट आहे. वाईट आहेच काका, मी कुठं नाही म्हटलं. पण तुम्हीच सांगा, पट पाहायले तुम्ही कर्ज काढून तळेगावले गेलते का नाही?

तेव्हापासून काका विचारतात, पण थोडं हळू.

पंक्चर झालं तर?

रेथले रनफ्लॅट टायर आहेत, हवा गेली तरी कमी स्पीडनं काही अंतर चालते. पुढं मात्र आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्याकडं नेऊ नका. तो गडी हुशार आहे, ट्रकचं चाकही खोलते, पण एवढ्या मोठ्या रिमचं कडक टायर काढायची मशीन त्याच्याकडं नाही, अन् तो पहार लावल्याशिवाय राहणार नाही. फ्लॅटबेड बोलवा.